बेवडाची पुंजी : आधीच्या पिकाच्या खतावर कडधान्ये

शेतात घातलेले खत ज्या पिकाला घातले त्या पिकाबरोबरच संपते, अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत असते. कापसाला दिलेले खत कापसाच्या खर्ची, केळीला दिलेले केळीच्या खर्ची, आणि नवे पीक पेरावयाचे म्हणजे पुन्हा नव्या गोण्या, असा हिशेब सर्वत्र मांडला जातो. परंतु जमीन असा पीकवार हिशेब ठेवीत नाही. एका पिकाने न उचललेले अन्न ती काही प्रमाणात राखून ठेवते आणि पुढच्या पिकाच्या हवाली करते. आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट ओळखली होती. म्हणूनच मागील पिकामुळे जमिनीच्या अंगी येणाऱ्या गुणाला अगर दोषाला मराठीत 'बेवड' हा स्वतंत्र शब्द आहे. अमक्या पिकाचे बेवड गव्हाला चांगले, तमक्याचे कापसाला वाईट, अशी भाषा खेडोपाडी आजही ऐकू येते.

जळगाव व धुळे या जिल्ह्यांत या विषयाला विशेष महत्त्व आहे. तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांत बागायती कापूस आणि केळी या भरपूर खत खाणाऱ्या पिकांखाली मोठे क्षेत्र आहे. आणि त्याच जिल्ह्यांत मूग, उडीद, तूर, हरभरा व भुईमूग ही द्विदल पिकेही पिढ्यान्‌पिढ्या घेतली जात आहेत. भारी खत घेणारे पीक आणि अल्प खतावर समाधान मानणारे पीक यांची योग्य सांगड घातली, तर खर्चात बचत होते, जमिनीचा कस टिकतो आणि घरात डाळही येते. मात्र शिलकीचा भरवसा कोठे धरावा व कोठे धरू नये, याचे तारतम्य न राखल्यास लाभाऐवजी तोटा होतो. त्या तारतम्याचा विचार या लेखात केला आहे.

जमिनीत काय उरते?

नत्र, स्फुरद आणि पालाश ही तिन्ही अन्नद्रव्ये जमिनीत सारखी वागत नाहीत.

युरियातून दिलेल्या नत्राचा साधारणतः तिसरा हिस्सा ते निम्मा भाग पिकास मिळतो. उरलेल्यापैकी काही वायुरूपाने उडून जातो, काही पाण्याबरोबर खोल झिरपतो व काही जमिनीतील सेंद्रिय भागात सामावला जातो. म्हणून रासायनिक नत्राची शिल्लक ही बेभरवशाची शिल्लक समजावी. एक जोराचा पाऊस किंवा एक भरमसाट पाणी ती धुऊन नेऊ शकते.

स्फुरदाची गोष्ट याच्या उलट आहे. सुपर फॉस्फेट अगर डीएपी यांतून दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला बहुधा पाचव्या हिश्शाहून अधिक मिळत नाही. बाकीचा स्फुरद पाण्याबरोबर वाहून न जाता जेथे पडला तेथेच, मातीच्या वरच्या थरात, अडकून राहतो. खानदेशातील काळ्या जमिनींत चुनखडीचे प्रमाण पुष्कळ असते. तेथे स्फुरदाचा चुन्याशी संयोग होऊन तो हळूहळू कमी विरघळणाऱ्या रूपात जातो. तो नाहीसा होत नाही. केवळ पिकाच्या हाती सहज लागत नाही.

पालाश काळ्या चिकण मातीच्या कणांना धरून राहतो व पुढील पिकांना पुष्कळसा उपलब्ध होतो. शेणखताचे तर मुळातच एका हंगामात पूर्ण विघटन होत नाही. त्यातील नत्राचा सुमारे तिसरा हिस्सा पहिल्या पिकास मिळतो आणि उरलेला पुढील पिकांना थोडाथोडा मिळत जातो. म्हणून कापसाला अगर केळीला घातलेले शेणखत हे दोन-तीन हंगामांचे खत समजणे योग्य होय.

स्फुरदाची शिल्लक किती काळ टिकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रावर पाहावयास मिळते. तेथील एका क्षेत्रावर १८५६ पासून १९०१ पर्यंत स्फुरदयुक्त खते व शेणखत देण्यात आले आणि त्यानंतर ती देणे बंद करण्यात आले. पुढे तेथे मुख्यतः बार्लीचे पीक घेतले गेले. खत बंद होऊन कित्येक दशके लोटल्यावरही ज्या तुकड्यांना पूर्वी खत मिळाले होते त्यांचे उत्पन्न, ज्यांना कधीच खत मिळाले नव्हते अशा शेजारच्या तुकड्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक येत राहिले. इंग्लंडची जमीन व हवामान आपल्याहून निराळे आहे, हे खरे. परंतु स्फुरद जमिनीत साठतो आणि तो साठा पुढील पिकांच्या उपयोगी पडतो, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

कडधान्यांनाच ही शिल्लक का मानवते?

याची कारणे दोन आहेत. पहिले कारण सर्वांस परिचित आहे. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करून पिकास पुरवितात. जर्मनीतील हेलरीगेल व विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध केली. त्यामुळे जी शिल्लक सर्वांत बेभरवशाची, त्या नत्रासाठी कडधान्यास जमिनीवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही.

दुसरे कारण तितकेसे परिचित नाही. हरभऱ्याच्या शेतातून पहाटे चालत गेल्यास कपड्यांना जी आंब लागते ती सर्व शेतकऱ्यांनी पाहिली आहे. पानांवरील ती आंब म्हणजे सेंद्रिय आम्लेच होत. पानांप्रमाणेच हरभऱ्याची मुळेही मातीत सेंद्रिय आम्ले सोडतात. या आम्लांमुळे मुळांलगतच्या मातीत चुन्याने बांधून ठेवलेला स्फुरद काही अंशी मोकळा होतो व मुळांना शोषता येतो. तुरीचीही अशीच एक खुबी आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९० साली असे दाखवून दिले की, तुरीची मुळे एक विशिष्ट आम्ल सोडून लोहाशी जखडलेला स्फुरद मोकळा करतात. लाल जमिनीत ही गोष्ट विशेष उपयोगी पडते. शिवाय हवेतील नत्रावर वाढणारी द्विदल पिके आपल्या मुळांभोवतीची माती एरवीही किंचित आम्लधर्मी करीत असतात.

तात्पर्य, जो स्फुरद ज्वारी-गव्हासारख्या तृणधान्यास सहज मिळत नाही, त्यातील काही भाग कडधान्य आपल्या बळावर मिळवू शकते. साधारणपणे हेक्टरी १५ ते २० क्विंटल दाणे देणारे हरभऱ्याचे पीक जमिनीतून सुमारे १५ ते २० किलो स्फुरद उचलते. भारी खत घेणाऱ्या पिकामागून ते आले, तर या गरजेचा बराच भाग शिलकीतून भागणे शक्य असते.

खानदेशातील जुने फेर

पिकांची फेरपालट खानदेशास नवी नाही. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात मूग अगर उडीद काढून घेऊन रब्बीत ओलीवर दादर ज्वारी पेरावयाची, हा येथील जुना व नावाजलेला फेर आहे. येथे कडधान्य पुढे चालते व तृणधान्य मागून येते. मुगाचा पालापाचोळा व मुळे कुजून दादरीला त्याचा लाभ होतो. धुळे जिल्ह्यात पांझरेवरील बंधाऱ्यांखाली शेकडो वर्षे चालत आलेल्या फड पद्धतीत तर गावाचे भिजणारे क्षेत्र फडांत विभागून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे व फडाफडांतून पिकांचा फेर फिरवावयाचा, असा गावकऱ्यांनी स्वतः घालून दिलेला दंडक होता. एकट्याच्या लहरीपेक्षा जमिनीच्या व पाण्याच्या सोयीस तेथे अधिक मान होता.

या जुन्या फेरांत रासायनिक खतांचा प्रश्नच नव्हता. आज एकाच शेतात एका पिकास गोण्यावारी खत मिळते व दुसऱ्यास नुसते जमिनीवर सोडले जाते. म्हणून आजच्या फेराचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. त्यासाठी एक सोपा नियम ध्यानात ठेवावा. फेरामध्ये भरपूर खत घेणारे एखादे पीक असेल, तर कडधान्य त्याच्या मागून घ्यावे व खताच्या शिलकीवर पोसावे. फेरात असे पीक नसेल, तर स्फुरद कडधान्यासच द्यावा व त्याच्या मागून येणाऱ्या तृणधान्यास कडधान्याची शिल्लक मिळू द्यावी. मूग-दादर हा फेर या दुसऱ्या प्रकारात मोडतो. तेथे मुगालाच हेक्टरी २० किलो नत्र व ४० किलो स्फुरद ही शिफारस केलेली मात्रा देणे शहाणपणाचे ठरते.

कापसानंतर : फरदड की कडधान्य?

बागायती संकरित कापसास महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार हेक्टरी १२५ किलो नत्र, ६५ किलो स्फुरद व ६५ किलो पालाश दिले जाते. पुष्कळ शेतकरी याहूनही अधिक देतात. एवढ्या खतानंतर डिसेंबरात रिकामे होणारे शेत हे कडधान्याच्या दृष्टीने तयार पुंजी असलेले शेत होय.

परंतु ही पुंजी अनेकदा फरदडीत खर्ची पडते. बोंडे वेचून झाल्यावर पऱ्हाटी उपटण्याऐवजी तिला पुन्हा पाणी व युरिया द्यावयाचा आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कापूस वेचीत राहावयाचा, हा मोह मोठा आहे. कारण त्यात बियाणे व पेरणी यांचा खर्च नसतो. मात्र या मोहाची किंमत पुढील हंगामात द्यावी लागते. गुलाबी बोंडअळीस बोंडे सतत मिळत राहिली, म्हणजे तिची साखळी तुटत नाही. २०१७ च्या खरिपात या अळीने महाराष्ट्राच्या कापूस पट्ट्यात केलेले नुकसान शेतकरी विसरलेले नाहीत. तेव्हापासून डिसेंबरअखेर कापूस संपवावा, पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी व फरदड घेऊ नये, असे कृषी खाते व विद्यापीठे सातत्याने सांगत आली आहेत.

परंतु नुसते 'फरदड नको' असे सांगून भागत नाही. त्या जागी काय घ्यावे, हेही सांगितले पाहिजे. याचे उत्तर पाण्यावर व वेळेवर अवलंबून आहे.

ज्यांचा कापूस लवकर आटोपतो व नोव्हेंबरच्या पूर्वार्धात शेत रिकामे होऊ शकते, त्यांनी हरभरा घ्यावा. बागायती हरभऱ्याच्या पेरणीचा योग्य काळ २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा आहे. पेरणीस जसजसा उशीर होईल तसतसे उत्पन्न घटते. कारण दाणे भरण्याच्या काळात ऊन तापू लागते. डिसेंबरअखेर रिकाम्या होणाऱ्या शेतात हरभऱ्याचा आग्रह धरू नये.

अशा उशिरा मोकळ्या होणाऱ्या शेतात उन्हाळी पाण्याची सोय असल्यास १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी या दरम्यान उन्हाळी भुईमूग पेरता येतो. भुईमूग हेही द्विदल पीकच होय. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने दिलेला जेएल-२४ अर्थात फुले प्रगती हा वाण देशभर गेला, हे येथील शेतकऱ्यांस अभिमानास्पद आहे. पाणी बेताचे असल्यास सुमारे दोन महिन्यांत येणारा उन्हाळी मूग फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत पेरावा. मूग मे महिन्यात निघतो व पाला जमिनीत गाडून शेत पुन्हा खरिपास मोकळे होते. पाण्याची कोणतीच सोय नसल्यास शेत नांगरून उन्हात तापू द्यावे. तेही फरदडीपेक्षा हितकारक होय.

केळीनंतर

रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांतील केळीबागांचा हिशेब निराळा आहे. केळीस दर झाडास २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद व २०० ग्रॅम पालाश अशी शिफारस आहे. दीड मीटर अंतरावर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. म्हणजे हेक्टरी सुमारे ८८९ किलो नत्र, १७८ किलो स्फुरद व ८८९ किलो पालाश एवढे खत एका बागेस पडते. घडांबरोबर पालाश मोठ्या प्रमाणावर शेताबाहेर जातो. तरी खांब व पाने यांत त्याचा मोठा साठा राहतो. हे खांब बांधावर फेकून देणे म्हणजे पालाशाची गोणीच फेकून देण्यासारखे आहे. त्यांचे तुकडे करून ते जमिनीत कुजवावेत अगर त्यांचे कंपोस्ट करावे.

बाग मोडल्यावर लगेच हरभरा पेरण्याची घाई मात्र करू नये. अशा जमिनीत नत्राची शिल्लक पुष्कळदा बरीच असते, व नत्र भरपूर असलेल्या जमिनीत द्विदल पिकाच्या मुळांवर गाठी नीट धरत नाहीत. पीक हवेतील नत्र घेण्याचे सोडून जमिनीतीलच खाते, भारंभार पाला वाढतो, फुले व घाटे कमी लागतात आणि पीक लोळते. यासाठी केळीनंतर प्रथम गहू, मका अगर ज्वारी यांपैकी एखादे तृणधान्य घेऊन त्यास ही नत्राची शिल्लक खाऊ द्यावी आणि त्याच्या मागून कडधान्य आणावे. स्फुरद कोठे जात नाही. तो कडधान्याची वाट पाहत जमिनीतच राहतो.

आणखी एक खबरदारी घ्यावयास हवी. केळीवरील हरण्या रोग हा काकडी मोझॅक विषाणूमुळे होतो व तो माव्यामार्फत पसरतो. म्हणून उभ्या केळीबागेत अगर तिच्या लगत काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो, मका व चवळी ही पिके घेऊ नयेत. जी शिल्लक खावयाची ती बाग संपल्यावर खावी. बागेच्या शेजारी नव्हे. शेजाऱ्याची नवी बाग लगत असल्यास मक्याऐवजी गहू अगर ज्वारी पसंत करावी.

शिलकीचा भरवसा कोठे धरू नये?

वरील विवेचन वाचून कडधान्यास खत लागतच नाही, असे कोणी समजू नये. ती समजूत आधीच फार पसरली आहे व तिच्यामुळेच कडधान्यांचे उत्पन्न कमी राहते. पुढील चार ठिकाणी शिलकीवर विसंबून राहणे चुकीचे ठरेल.

पहिले, धुळे जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागातील हलक्या, उथळ जमिनी. येथे बाजरीस मुळातच बेताचे खत मिळते व त्यातून मागे राहणारी शिल्लक नगण्य असते. अशा ठिकाणी कडधान्यास शिफारशीप्रमाणे खत द्यावे. बाजरी व तूर हे २:१ ओळींचे मिश्रण येथे अधिक उपयुक्त आहे; कारण बाजरी निघून गेल्यावर खोल मुळांची तूर दोहोंचे उरलेले अन्न व ओल वापरीत राहते.

दुसरे, कोरडवाहू रब्बी हरभरा. स्फुरद मातीच्या वरच्या काही इंचांतच राहतो, हे वर सांगितलेच आहे. पाऊस उघडल्यावर हाच थर प्रथम वाळतो. मग हरभऱ्याची मुळे ओलीच्या शोधात खाली जातात आणि स्फुरद वर कोरड्या मातीत पडून राहतो. पुंजी आहे, परंतु पेटीची किल्ली ओल आहे. यासाठी कोरडवाहू हरभऱ्यास दोन चाड्यांच्या पाभरीने बियाच्या खाली, ओलीत खत पेरून देणे आवश्यक आहे.

तिसरे, खारवट व चोपण जमिनी. हरभरा क्षारांस अत्यंत नाजूक असल्याने तेथे शिल्लक कितीही असली तरी पीक साधत नाही. अशा जमिनीत प्रथम निचरा व सुधारणा करणे हाच उपाय होय.

चौथे, ज्या शेतात मागील पिकासही स्फुरद न देता केवळ युरिया टाकला गेला ते शेत. अशा शेतात शिल्लक राहण्याजोगे काही नसतेच. खताचा हिशेब मांडताना मागील पिकास किती गोण्या पडल्या, एवढेच न विचारता कोणत्या खताच्या पडल्या, हे विचारावे.

हिशेब कसा मांडावा?

अंदाजावर विसंबण्यापेक्षा माती परीक्षण करणे केव्हाही श्रेयस्कर होय. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाल्याने पुष्कळ शेतकऱ्यांच्या हाती ही पत्रिका आली आहे. परंतु पेरणीच्या वेळी ती पाहणारे थोडे. पत्रिकेत उपलब्ध स्फुरदाचा आकडा व त्यापुढे कमी, मध्यम अगर जास्त असा शेरा असतो. तो मुख्यतः पाहावा.

बागायती हरभऱ्यास हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ३० किलो पालाश अशी शिफारस आहे. डीएपीच्या अडीच गोण्यांतून, म्हणजे १२५ किलोंतून, सुमारे साडेबावीस किलो नत्र व साडेसत्तावन्न किलो स्फुरद मिळतो. भरपूर खत घेतलेल्या कापसामागून हरभरा घेताना पुढीलप्रमाणे वागावे.

स्फुरद कमी असल्यास शिफारशीची पूर्ण मात्रा द्यावी. मागील पिकाचे नाव पाहून सूट घेऊ नये.

स्फुरद मध्यम असल्यास शेताच्या काही भागावर निम्मी मात्रा, म्हणजे २५ किलो स्फुरद, देऊन अनुभव घ्यावा. तो सिंगल सुपर फॉस्फेटच्या सुमारे तीन गोण्यांतून मिळतो व त्याबरोबर १६-१७ किलो गंधकही मिळते. कडधान्यांस व भुईमुगास गंधक उपकारक असल्याने निम्म्या मात्रेसाठी सुपर फॉस्फेट निवडणे अधिक चांगले.

स्फुरद जास्त असल्यास बीजप्रक्रियेवर भर द्यावा व खताची मात्रा आणखी कमी करून पाहावी. रब्बीत माती थंड असताना स्फुरद मंद गतीने मोकळा होतो. म्हणून रोपांस प्रारंभी आधार मिळावा यासाठी बियाखाली थोडी मात्रा पेरून देणे इष्ट होय.

येथे आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ज्या जमिनीत स्फुरद भरपूर साठला आहे तेथे वर्षानुवर्षे आणखी स्फुरद ओतीत राहणे हे केवळ खर्चिकच नव्हे, तर हानिकारकही ठरते. स्फुरदाच्या आधिक्याने जस्ताची उपलब्धता घटते. चुनखडीच्या जमिनीत भुईमूग पिवळा पडतो त्यामागे बहुधा लोहाची कमतरता असते. त्या पिवळेपणास अधिक डीएपी हा उपाय नव्हे. आपल्या देशास पालाशयुक्त खते जवळजवळ सर्वस्वी परदेशांतून आणावी लागतात आणि स्फुरदयुक्त खतांसाठी लागणारा कच्चा मालही मोठ्या प्रमाणावर आयात होतो. तेव्हा जमिनीत आधीच पडून असलेला स्फुरद वापरात आणणे हे शेतकऱ्याच्या व देशाच्या, दोहोंच्या हिताचे आहे.

पेरणीच्या वेळची काळजी

शिलकीवर पीक घ्यावयाचे म्हणजे मुळे सशक्त व गाठी भरपूर असावयास हव्यात. त्यासाठी बीजप्रक्रिया टाळू नये. बियाण्यास प्रथम किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. त्यानंतर दहा किलो बियाण्यास रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू यांच्या प्रत्येकी २५० ग्रॅमच्या पाकिटातील संवर्धन गुळाच्या थंड पाण्यातून लावून बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. रायझोबियमचे पाकीट पिकाच्या नावाचेच घ्यावे. मूग, उडीद, तूर व भुईमूग यांचे जिवाणू एका गटातील आहेत, पण हरभऱ्याचे निराळे व सोयाबीनचे निराळे. पाकिटावरील मुदत पाहावी आणि पाकीट उन्हात ठेवू नये.

हरभऱ्याच्या विजयसारख्या लहान दाण्याच्या वाणास हेक्टरी ६५ ते ७० किलो व दिग्विजयसारख्या टपोऱ्या दाण्याच्या वाणास सुमारे १०० किलो बियाणे वापरावे. हे दोन्ही वाण राहुरीच्या विद्यापीठाने अनुक्रमे १९९४ व २००६ साली दिलेले असून मर रोगास प्रतिकारक आहेत. त्याच शेतात वर्षामागून वर्ष हरभरा घेतल्यास मर रोग बळावतो. म्हणून शिल्लक आहे एवढ्याच कारणाने हरभऱ्यावर हरभरा घेऊ नये. घाटेअळी ही कापूस, तूर व हरभरा या तिन्हींवर उपजीविका करते. यास्तव कापसानंतरच्या हरभऱ्यात सुरुवातीपासून पक्षिथांबे व हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत.

भारी जमिनीत पाणी बेताने द्यावे. एकच पाणी देणे शक्य असेल तर ते फुले लागण्याच्या सुमारास द्यावे. वरचेवर पाणी दिल्यास पीक माजते व मुळ्या गुदमरून गाठींचे कार्य मंदावते. पीक फुलोऱ्यात असताना व त्यानंतर दहा दिवसांनी दोन टक्के युरियाची फवारणी केल्यास दाणे भरण्यास मदत होते.

कडधान्याने मागे काय ठेवावे?

कडधान्याने स्वतः शिल्लक खाल्ली, तरी मागून येणाऱ्या पिकासाठी त्याने काही ठेवले पाहिजे. 'द्विदल पीक घेतले म्हणजे जमीन आपोआप सुपीक झाली' हे विधान अर्धसत्य आहे. गाठींनी मिळविलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यांबरोबर घरी जातो. त्यावर झाडेही मुळासकट उपटून खळ्यावर नेली, तर जमिनीस फारसे काही उरत नाही. एखादे वेळी नत्राचा तोटाही होतो. यासाठी मूग-उडदाच्या शेंगा तोडून घेऊन झाडे वखराने अगर रोटाव्हेटरने मातीत मिसळावीत. हरभरा व तूर विळ्याने कापून काढावी. मुळे व गाठी जमिनीतच राहू द्याव्यात. भुईमुगाचा पाला जनावरांस घातल्यास त्यांचे शेण परत त्याच शेतात जाईल असे पाहावे. अशा रीतीने वागल्यास पुढील पिकास हेक्टरी २५-३० किलोंपर्यंत नत्राचा लाभ मिळू शकतो.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांसाठी

वरील गोष्टी शेतकऱ्यास केवळ सांगून पटणार नाहीत, व त्यांनी तशा त्या पटवून घेऊही नयेत. कमी खत टाकण्यास धाडस लागते. एका हंगामाची चूक कुटुंबास वर्षभर भोवते. म्हणून प्रत्येक गावात दोन-तीन शेतांवर पट्ट्यांची साधी चाचणी घ्यावी. कापसामागून आलेल्या हरभऱ्याच्या शेतात समान जमिनीचे, समान लांबीचे तीन पट्टे आखावेत. एका पट्ट्यास पूर्ण मात्रा, दुसऱ्यास निम्मी मात्रा व बीजप्रक्रिया, तिसऱ्यास केवळ बीजप्रक्रिया द्यावी. पूर्ण मात्रेच्या पट्ट्यातही बीजप्रक्रिया केलेलेच बियाणे वापरावे, म्हणजे तुलना खताचीच होईल. पट्टे शेताच्या कडेला न घेता मध्यभागी घ्यावेत आणि पाणी व निगराणी तिन्हींस सारखी ठेवावी.

पेरणीनंतर सुमारे ४० दिवसांनी प्रत्येक पट्ट्यातील पाच-सहा झाडे फावड्याने मातीसकट खणून काढावीत. उपटल्यास गाठी मातीत तुटून राहतात. मुळे पाण्यात हलके धुऊन गाठी मोजाव्यात व एखादी नखाने फोडून पाहावी. आतील रंग गुलाबी-तांबूस असल्यास गाठ काम करीत आहे. हिरवट अगर पांढरी असल्यास नाही. हे दृश्य शेतकऱ्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिले, म्हणजे दहा व्याख्यानांचे काम होते. कापणीनंतर तिन्ही पट्ट्यांचे दाणे निरनिराळे वजन करून, खताचा खर्च वजा करून, हिशेब गावाच्या चावडीवर अगर ग्रामपंचायतीत मांडावा. निम्म्या मात्रेच्या पट्ट्याने साथ दिली नाही, तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे; त्या गावच्या जमिनीत शिल्लक नाही, हेही उपयुक्त ज्ञानच होय.

त्याबरोबरच प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या गटवार एक छोटी वही ठेवावी. कोणत्या हंगामी कोणते पीक घेतले, कोणते खत किती पडले, शेणखत केव्हा घातले, उत्पन्न किती आले, एवढ्या चार नोंदी पुरेत. तीन वर्षांच्या नोंदी जमल्या, म्हणजे कोणत्या शेतात पुंजी साठली आहे व कोणते शेत उपाशी आहे, हे शेतकरी स्वतःच सांगू शकेल. माती परीक्षणाची पत्रिका त्याच वहीत चिकटवून ठेवावी.

गोणीतून येणारे खत विकत मिळते. बेवड विकत मिळत नाही. ते मागील पिकाच्या वेळीच तयार करावे लागते व पुढील पिकाच्या वेळी ओळखून वापरावे लागते. येत्या हंगामात कापसाची पऱ्हाटी वेळेवर काढून, पत्रिकेतील स्फुरदाचा आकडा पाहून आणि बियाण्यास संवर्धन लावून निदान एका बिघ्यावर हा प्रयोग खानदेशातील प्रत्येक बागायतदार शेतकऱ्याने करून पाहावा, आणि ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी त्यास पेरणीपासून कापणीपर्यंत साथ द्यावी.